नोटरीचा शिक्का आणि नोंदवही : पहिल्या दिवसापासून नीट कशी ठेवायची

प्रमाणपत्र हातात पडलं की नवा नोटरी सगळ्यात आधी शिक्का करायला टाकतो. नोंदवही आठवते ती पहिला पक्षकार समोर येऊन बसल्यावर. मग कोर्टाजवळच्या दुकानातून एक रजिस्टर मागवलं जातं, घाईघाईत रकाने आखले जातात आणि अनुक्रमांक १ पडतो. सांगलीत काम सुरू केलं तेव्हा मीही असंच केलं. पहिले अकरा दिवस माझ्या वहीवर पानांचा दाखलाच नव्हता. काही वर्षांनी एका दाव्यात ती वही घेऊन साक्षीला उभा राहिलो, तेव्हा उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच आला : "या वहीत सुरुवातीला किती पानं होती, हे तुम्ही कशावरून सांगता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून नव्या नोटरींना मी आधी वहीबद्दल सांगतो आणि मग शिक्क्याबद्दल. शिक्का कुणीही कुठूनही हुबेहूब करून आणू शकतो. पण त्या तारखेला, वरच्या आणि खालच्या नोंदींच्या मधे, समोरच्या माणसाच्या सहीनिशी पडलेली ओळ मागाहून तयार करता येत नाही. दस्त खरा आहे का, हा प्रश्न आठ-दहा वर्षांनी उभा राहतो, आणि तेव्हा सगळे त्या ओळीकडेच बघतात.

कायद्यात काय आहे

नोटरी अधिनियम १९५२ चा. तो लागू झाला १४ फेब्रुवारी १९५६ पासून आणि त्याखालचे नियमही १९५६ चेच. कलम ७ सांगतं की प्रत्येक नोटरीकडे विहित नमुन्याचा शिक्का असलाच पाहिजे. कलम ८ मध्ये नोटरीची कामं दिली आहेत : दस्ताचं सत्यापन, शपथ देणं, भाषांतर करून ते पडताळणं, हुंडी किंवा वचनचिठ्ठी नाकारली गेल्याची नोंद करणं वगैरे. त्याच कलमाच्या पोटकलम (२) प्रमाणे नोटरीची सही आणि अधिकृत शिक्का दोन्ही असतील तरच ते काम नोटरीचं काम मानलं जातं. नुसती सही चालत नाही, नुसता शिक्काही चालत नाही.

शिक्क्याचं वर्णन नियम १२ मध्ये आहे, वही, पावत्या आणि तपासणी नियम ११ मध्ये, वार्षिक विवरणपत्र नियम १४ मध्ये. हे तीन नियम छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. मी अजूनही ठेवतो.

शिक्का करून घेताना

नियम १२ ला हवा आहे साधा, गोल शिक्का, व्यास ५ सेंटिमीटर. त्यावर पाच गोष्टी : नोटरीचं नाव, ज्या क्षेत्रासाठी नेमणूक आहे त्या क्षेत्राचं नाव, नोंदणी क्रमांक, कडेने 'नोटरी' हा शब्द, आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचं नाव.

शिक्केवाल्याकडे जाताना प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत न्या आणि मजकूर त्यावरूनच उतरवून द्या, तोंडी सांगू नका. नाव प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट असेल तर तसंच. क्षेत्रातही पुष्कळ जण चुकतात. प्रमाणपत्रात 'सांगली जिल्हा' लिहिलं असेल तर शिक्क्यावर 'महाराष्ट्र' घालता येत नाही. पुढे अर्ज करून क्षेत्र वाढवून मिळालं, तर शिक्का नवा करायचा आणि जुना कायमचा बाद करायचा. शासनाचं नावही नेमणुकीप्रमाणेच. केंद्राने नेमलं असेल तर भारत सरकार, राज्याने नेमलं असेल तर महाराष्ट्र शासन. मोठं दिसतं म्हणून 'भारत सरकार' घालून घेणारे आहेत. ती सरळसरळ खोटी माहिती झाली.

नियमातला 'साधा' हा शब्द मनावर घ्या. शिक्क्यावर अशोकस्तंभ नको, तराजू नको, फुलाची वेलबुट्टी नको. राजमुद्रेच्या गैरवापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, तिच्या वाटेला जाऊच नये. बी.ए., एलएल.बी. ही अक्षरंही गोल शिक्क्यात नकोत. नाव-पत्त्याचा वेगळा आडवा शिक्का करून घ्या, ती तिथे शोभतात.

शिक्का तयार झाल्यावर दुकानातच पट्टी लावून बाहेरच्या वर्तुळाचा व्यास मोजा. माझा पहिला शिक्का सव्वाचार सेंटिमीटर भरला होता, परत करून घ्यावा लागला. नोंदणी क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचून पडताळा. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर तीन ठसे उमटवा, खाली आपली सही आणि तारीख करा आणि तो कागद प्रमाणपत्राच्या फाइलला लावून ठेवा. 'हा ठसा तुमच्याच शिक्क्याचा आहे का' असं उद्या कुणी विचारलं, तर ताडून पाहायला तोच नमुना उपयोगी पडतो.

गोल शिक्क्याशिवाय रोजच्या कामाला आणखी काही शिक्के लागतात : 'माझ्यासमोर शपथेवर सांगितले', 'मूळ प्रतीवरून पडताळली, सत्यप्रत', 'नोंद क्र. … दि. …', आणि प्रमाणपत्राच्या मुदतीचा. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. मुदतीची तारीख गोल शिक्क्यात न घालता वेगळ्या शिक्क्यात ठेवली, तर नूतनीकरणानंतर तेवढाच बदलता येतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी गेला पाहिजे. कॅलेंडरवर आजच खूण करा. मुदत संपली आणि नवं प्रमाणपत्र हातात नसेल, तर शिक्का कपाटात कुलपात ठेवा. प्रमाणपत्राशिवाय काम करायला कलम ९ मनाई करतं.

लाल कागदी चकती आणि दाबाचा उठावदार शिक्का नियमाने सक्तीचे नाहीत. पण परदेशी जाणाऱ्या कागदांवर ते असावेत अशी लोकांची अपेक्षा असते, आणि मी ते लावतो. अशा वेळीही शाईचा गोल शिक्का हवाच.

नोंदवही कशी असावी

वही शिवलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची आणि पानांवर छापील क्रमांक असलेली घ्या. सुट्या पानांची फाइल किंवा स्प्रिंगची वही घेऊ नका, त्यातलं पान काढलेलं कळत नाही. छापील क्रमांकांची वही मिळाली नाही तर स्वतः शाईने क्रमांक घाला, सगळी पानं एका बैठकीत.

मग पहिल्या पानावर दाखला. नियम सांगतो की वही वापरात आणण्याआधी त्यात किती पानं आहेत याचा दाखला पहिल्या पानावर लिहून त्याखाली नोटरीने सही आणि तारीख घालायची. मी असा लिहितो :

"या नोंदवहीत पृष्ठ क्रमांक १ ते २०० अशी एकूण २०० (अक्षरी दोनशे) पृष्ठे आहेत. नोंदवही क्रमांक ७. वापरास सुरुवात दिनांक …" आणि खाली सही, शिक्का.

दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे माझं काय झालं हे वर सांगितलंच.

नोंदवहीचा नमुना नियमांच्या परिशिष्टात नमुना १५ म्हणून दिला आहे. अनुक्रमांक, तारीख, केलेल्या कामाचं नाव, संबंधित व्यक्तीचं नाव आणि पत्ता, दस्ताचा आशय, लावलेलं नोटरी तिकीट, घेतलेली फी, पावतीचा क्रमांक, सही किंवा अंगठा, असे त्यात रकाने आहेत. बाकीचे रकाने आपोआप भरले जातात. खरा कस लागतो तो 'दस्ताचा आशय' या रकान्यात.

तिथे बहुतेक जण एकच शब्द लिहितात : 'प्रतिज्ञापत्र', 'कुलमुखत्यारपत्र', 'करारनामा'. मीही लिहीत होतो. मग एका कुलमुखत्यारपत्राचं प्रकरण सात वर्षांनी कोर्टात आलं. माझी सही, शिक्का, नोंद क्रमांक सगळं बरोबर होतं. पण लिहून देणाऱ्याचं म्हणणं होतं की आतलं एक पान बदललंय आणि त्यात मूळच्या गटाऐवजी भलत्याच जमिनीचा गट नंबर आलाय. वही उघडली. माझ्या हातची नोंद : 'कुलमुखत्यारपत्र'. पुढे काही नाही. किती पानांचं होतं तेही नाही. ती नोंद दोघांपैकी कुणाच्याच कामाची नव्हती, आणि तो म्हातारा माणूस माझ्याकडे बघत उभा होता ते मी विसरलेलो नाही.

आता त्याच रकान्यात मी असं लिहितो : "कुलमुखत्यारपत्र, मौजे … येथील गट नं. …, क्षेत्र …, फक्त ७/१२ चे उतारे काढणे व मोजणीला हजर राहणे यासाठी, विक्रीचा अधिकार नाही, ४ पाने, मुद्रांक क्र. …". साध्या प्रतिज्ञापत्रालाही कारण लिहायचं : "शिधापत्रिकेतील नावदुरुस्तीसाठी, १ पान". वहीचा रकाना अरुंद पडतो, म्हणून वही आडव्या पानांची घ्या किंवा एका नोंदीला तीन ओळी ठेवा. पानं जास्त लागतील, लागू द्यात.

मुखत्यारपत्राच्या बाबतीत एवढी काळजी का, तर नोटरीसमोर केलेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र योग्य रीतीने झालं असं न्यायालय गृहीत धरतं. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये आहे. समोरचा माणूस तोच आहे आणि त्याने समजून सही केली, हे तुमच्या भरवशावर मानलं जातं.

माणूस समोर बसल्यावर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. मी गेली कित्येक वर्षं एकच क्रम पाळतो आणि फोन वाजला, गर्दी झाली तरी तो मोडत नाही.

१. ओळख. मूळ ओळखपत्र बघायचं, झेरॉक्स नव्हे. फोटो आणि चेहरा जुळतो का ते बघायचं. वहीत ओळखपत्राचा प्रकार आणि आधार असेल तर शेवटचे चारच आकडे लिहायचे. ओळखपत्र नसेल तर मला माहीत असलेल्या माणसाने ओळख पटवायची, आणि 'ओळख पटवणार' म्हणून त्याचीही सही दस्तावर आणि वहीत घ्यायची.

२. वाचन. दस्तात रिकाम्या जागा असतील तर त्या भरून घ्यायच्या किंवा आडवी रेघ मारून बाद करायच्या. तारखेची जागा कोरी असलेला दस्त परत द्यायचा.

३. सही माझ्यासमोर, पानोपानी. घरून सही करून आणली असेल तर समोर पुन्हा करायला लावायची.

४. वहीत नोंद, आणि तिथे त्या माणसाची सही.

५. वहीतला अनुक्रमांक आणि तारीख दस्तावर घालायची.

६. माझी सही. मग नोटरी तिकीट, आणि ते सही-तारखेने रद्द. मग गोल शिक्का.

७. पावती.

शिक्का शेवटाकडे ठेवण्याचं कारण साधं आहे. शिक्का बसला की लोकांच्या दृष्टीने काम झालं. ते कागद उचलून चालू लागतात आणि वहीतली सही राहून जाते.

दुसऱ्या पायरीबद्दल थोडं जास्त सांगतो. एकदा पंचाहत्तरीच्या पुढच्या एक आजी आल्या, सोबत पुतण्या. कागद तयार होता, निशाणी डावा अंगठा घ्यायचा तेवढा बाकी. पुतण्याने शाईचं पॅडही पुढे सरकवलं. मी विचारलं, "आजी, हा कागद कशाचा आहे?"

"रेशनकार्डाचा हाय की. पोरगा म्हणला, एक अंगठा लागतोय."

कागद होता सातबाऱ्यावरून त्यांचं नाव कमी करायला संमती असल्याचा. मी तो त्यांना सावकाश वाचून दाखवला. आजींनी ऐकलं, शाई लावलेला अंगठा पदराला पुसला आणि उठल्या. पुतण्या काही बोलला नाही.

म्हणून माझा आग्रह आहे : निरक्षर किंवा वयस्कर माणसाला "वाचून दाखवलं, समजलं ना?" असं विचारू नका, त्यावर "हो" असंच उत्तर येतं. कागद कशाचा आहे ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. अंगठा घेतलात तर त्याच्या शेजारी 'निशाणी डावा अंगठा' आणि पूर्ण नाव लिहा, लिहिणाऱ्याचं नाव लिहा आणि वाचून दाखवल्याचा शेराही घाला. अंगठा फिरवू नका, नुसता टेकवा, नाहीतर रेषा पुसतात. आणि दस्त नाकारला तर रोजनिशीत दोन ओळी लिहून ठेवा. तोच कागद घेऊन माणसं दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातात आणि मग चौकशी येते.

शिक्का कुठे आणि कसा मारायचा तेही सांगतो. तो मजकुरावर येऊ नये. माझ्या सहीला कडेने स्पर्श होईल इतपत जवळ असावा, म्हणजे सही आणि शिक्का एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. फोटो चिकटवला असेल तर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. एकाहून जास्त पानं असतील तर प्रत्येक पानावर छोटी सही आणि शिक्का. खाडाखोड असेल तिथे लिहून देणाऱ्याची आणि माझी, दोघांची छोटी सही.

आणखी एक. शिक्का कारकुनाकडे देऊन आपण कोर्टात तारखेला जायचं, ही सवय लावून घेऊ नका. माझा शिक्का माझ्या खणात असतो आणि खणाची किल्ली माझ्या खिशात. दवाखान्यात किंवा कुणाच्या घरी जावं लागलं तर शिक्क्याबरोबर वहीही सोबत न्यायची. 'नंतर उतरवून घेऊ' म्हणून चिठ्ठीवर सही घेऊ नका. आणि जाणं आपल्या नेमलेल्या क्षेत्राच्या आतच.

वहीत चूक झाली तर

चूक होतेच. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर शब्द, छोटी सही, तारीख. व्हाइटनर लावू नका, कागद चिकटवू नका. अख्खी नोंद चुकली, पक्षकार मधेच उठून गेला, तर तो क्रमांक तसाच ठेवून 'रद्द' लिहा, कारण लिहा, सही करा. क्रमांक पुन्हा वापरू नका.

दोन नोंदींच्या मधे ओळ मोकळी सोडणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. मागच्या तारखेची विनंती घेऊन येणारा माणूस प्रत्येक नोटरीला भेटतो. माझ्याकडे एक जण ऑक्टोबरमध्ये आला, त्याला मार्चच्या तारखेचा करार हवा होता. ओळखीचा, गरजू, आणि अडचण खरी. मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि त्या दिवसाची पानं दाखवली : प्रत्येक ओळ भरलेली, शेवटच्या नोंदीखाली रेघ, रेघेखाली माझी सही आणि तारीख. "कुठे लिहू, तुम्हीच सांगा," म्हटलं. त्याला पटलं. मी नाही म्हणालो असतो तर वाद झाला असता. वहीत जागाच नाही हे त्याने स्वतः पाहिलं.

म्हणून रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून सही-तारीख करा. नियमात हे लिहिलेलं नाही, पण करा.

अनुक्रमांक मी दर १ जानेवारीला नव्याने सुरू करतो आणि पुढे वर्ष लावतो, ४१२/२०२४ असा. वही मधेच संपली तरी क्रमांक पुढच्या वहीत चालू राहतो.

फी आणि पावती

फीचे दर नियम १० मध्ये ठरवून दिलेले आहेत. त्यांचा फलक ऑफिसच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे दिसेल असा लावायचा. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यायची आणि फीची वेगळी नोंद ठेवायची. पावतीपुस्तक छापील क्रमांकाचं, स्थळप्रतीसह असावं, आणि पावतीचा क्रमांक नोंदवहीत यायला हवा. वही, पावती आणि दस्त या तिन्हींवरची तारीख एकच आहे हे दिसलं की मागची तारीख घातल्याचा आरोप टिकत नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा

मागच्या वर्षभरात केलेल्या कामांचं विवरणपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नेमणूक करणाऱ्या शासनाकडे द्यायचं असतं, नमुना १४ मध्ये. वर्षभराची वही तेव्हा मोजायला बसलात तर रात्री जागवाव्या लागतात. मी वहीच्या शेवटच्या काही पानांवर महिनावार तक्ता ठेवतो : प्रतिज्ञापत्रं किती, सत्यप्रती किती, मुखत्यारपत्रं किती, करार किती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरायचा. विवरणपत्र पाठवल्याची पोच जपून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी ती काढावी लागते.

जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेला अधिकारी वही तपासू शकतो, वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा नाही. तपासणीला घाबरण्यासारखं काही नसतं. पानांचा दाखला, सलग क्रमांक, सह्या आणि पावत्यांचा मेळ बघितला जातो. तपासणी झाली की त्या दिवशीच्या शेवटच्या नोंदीखाली तारखेसह शेरा मागून घ्या.

वह्या जपणं

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यातल्या तीन वह्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. पानं एकेक सोडवून, मधे वर्तमानपत्राचे तुकडे घालून आठवडाभर पंख्याखाली वाळवली. तेव्हा लक्षात आलं की जेल पेनाने लिहिलेल्या नोंदी निळ्या डागासारख्या पसरल्या होत्या आणि साध्या बॉलपेनच्या नोंदी जशाच्या तशा वाचता येत होत्या. पक्षकार स्वतःच्या खिशातलं पेन काढून सही करतात, म्हणून सह्यांपैकी काही टिकल्या, काही गेल्या. आता टेबलावर बॉलपेन दोरीने बांधून ठेवलंय आणि वहीत दुसऱ्या पेनाने सही करू देत नाही. शिक्क्याचं पॅडही पाण्याने न विरघळणाऱ्या शाईचं घेतो.

वह्या आता लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात असतात. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा वह्या सुरक्षित राहिल्या. दर महिन्याला भरलेल्या पानांचे स्कॅन काढून दोन ठिकाणी ठेवतो. स्कॅन मूळ वहीची जागा घेत नाही, पण वही हरवली तर निदान काय होतं ते सांगता येतं. जुनी वही मी एकही टाकलेली नाही. स्थावराच्या ताब्याच्या दाव्यालाच बारा वर्षांची मुदत असते, आणि दावा दाखल झाल्यावर साक्षीपर्यंत पोचायला पुढे किती वर्षं जातात हे आपण सगळे रोज बघतो.

शिक्का हरवला किंवा चोरीला गेला तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या, नेमणूक करणाऱ्या शासनाला लेखी कळवा, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. सगळ्यात आधी वहीतल्या शेवटच्या नोंदीखाली लिहा : "नोंद क्र. … नंतर शिक्का गहाळ, दि. …, वेळ …". नव्या शिक्क्यात एखादं अक्षर थोडं वेगळ्या जागी ठेवून घ्या आणि त्याचे नमुना ठसे पुन्हा फाइलला लावा. जुन्या शिक्क्याचा कागद पुढे कुठे निघाला तर फरक दाखवता येतो.

कागद घेऊन येणाऱ्यांनी काय बघावं

दस्त हातात घेतल्यावर जागा सोडण्याआधी एवढं बघा : शिक्क्यावर नोटरीचं नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि शासनाचं नाव वाचता येतं का, प्रमाणपत्राची मुदत चालू आहे का, नोंद क्रमांक आणि तारीख हाताने भरली आहे का, आणि तुम्ही स्वतः वहीत सही केली का. वहीत सही न घेता कुणी शिक्का मारून दिला तर तो कागद कच्चा आहे असं समजा. नोटरींच्या याद्या शासन दरवर्षी जानेवारीत प्रसिद्ध करतं, त्यात नाव शोधता येतं. नोटरी नसताना नोटरी म्हणून मिरवणाऱ्याला कलम १२ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

काही कामं नोटरीच्या शिक्क्याने होत नाहीत. जमीन किंवा फ्लॅटची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. महाराष्ट्रात भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करारही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदवायचा असतो. नोटरीसमोर लग्न किंवा काडीमोड होत नाही, केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना तसं स्पष्ट बजावलंही आहे. शासकीय कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यासाठी पाचशेचा मुद्रांक घ्यायला कुणी सांगितलं तर आधी विचारून खात्री करा.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक खुलासा : तिथे नेहमीच्या नोटरीखेरीज २०१२ च्या वारसा कायद्याखालचे 'स्पेशल नोटरी' असतात, आणि मृत्युपत्रासारखे दस्त त्यांच्याच वहीत लिहिले जातात. पोर्तुगीज काळापासूनची ती पद्धत आहे. या लेखातला शिक्का आणि वही त्यांना लागू नाहीत.

परदेशात वापरायचा कागद नोटरीनंतर राज्य शासनाकडे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडे अपोस्टिलसाठी जातो, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार दुसऱ्या देशात चालणाऱ्या सरकारी शिक्कामोर्तबासाठी. भारत २००५ पासून त्या करारात आहे. या वाटेवर पुसट शिक्का अडचणीचा ठरतो, म्हणून असा कागद असेल तर आधी सांगा, आम्ही नवं पॅड काढतो.

वहीला समन्स आलं तर

शेवटी तो दिवस येतो. कोर्टातून साक्षीसमन्स, सोबत अमुक तारखेची नोंदवही. मूळ वही घेऊन जा. त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढा आणि वहीत खूण घालून ठेवा. आदल्या संध्याकाळी ती नोंद आणि तिच्या आजूबाजूची पानं वाचून जा. जे वहीत आहे तेच सांगा. त्या माणसाचा चेहरा आठवत नसेल तर 'आठवत नाही, पण नोंद माझ्या हातची आहे आणि ही सही माझ्यासमोर झाली आहे' असं सांगा. न्यायालयाला मूळ पाहून झेरॉक्स ठेवून घेण्याची आणि वही परत देण्याची विनंती करा, कारण चालू वही अडकली तर काम अडतं. तरीही वही ठेवून घेतली तर अधीक्षकांकडून पोच घ्या, शेवटचा अनुक्रमांक पोचेवर लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी वही काढून पहिल्या पानावर पानांचा दाखला लिहा.